रंगखात्यातली बंद पेटी

साहेब, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही, पण परवा एका बैठकीत तुमची फार आठवण आली. एका कंपनीची तरुण मंडळी आमच्याकडे नवी नियंत्रण यंत्रणा विकायला आली होती. पडद्यावर सारखा एकच शब्द, 'ओपन'. कोणाचंही यंत्र जोडा, कोणाचाही सेन्सर लावा, सगळं ओपन. मी विचारलं, "उद्या तुम्ही हा धंदा बंद केलात तर आमची माणसं आतला प्रोग्राम वाचू शकतील का? बदलू शकतील का?" त्यातल्या एकानं शेजारच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, त्याला आमचं लायसन्स लागेल." मला हसू आलं. ते बिचारे गोंधळले. त्यांना काय ठाऊक की मी त्या क्षणी त्यांच्यासमोर नव्हतेच, सौंसरच्या रंगखात्यात उभी होते.

सौंसरबाहेरचा तो सूत रंगवायचा कारखाना. मी नागपूरहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून पांढुर्ण्याला घरी परतलेली, आणि तुम्ही तिथल्या मेंटेनन्सचे प्रमुख. मुलाखतीत सेठजींनी विचारलं होतं, मुलगी पॅनलपाशी काय करणार? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पॅनल उघडन. पॅनलपाशी अजून काय करतेत?" एवढ्यावर माझी नोकरी ठरली. मी ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतेय, साहेब. तेव्हा हे वाक्य किती मोठं होतं ते मला फार पुढं कळलं.

त्या वर्षी मोठ्या टाकीवर नवी इलेक्ट्रॉनिक पेटी बसली होती. आधी पाणी भरणं, वाफ सोडणं, पंप उलटा फिरवणं, शेवटी निचरा, हे सगळं रंगारी हातानं करत; आता ती पेटी करायची. ती घ्यावी म्हणून सेठजींच्या मागं तुम्हीच लागला होतात. रंग एकसारखा येऊ लागला, सगळे खूश. फक्त पेटीच्या दाराला कंपनीचं सील होतं. आपल्याकडची वीज सारखी जायची, आतली बॅटरी दमली की पेटी सगळं विसरायची, आणि मग मुंबईहून त्यांचा इंजिनिअर यायचा. दार उघडण्याआधी अगदी नम्रपणे म्हणायचा, "आप लोग ज़रा बाहर ठहरिए." आपल्याच खात्यातून आपण बाहेर. थोड्या वेळानं तो बॅग मिटून निघायचा आणि पेटी पुन्हा शहाणी झालेली असायची.

दिवाळीच्या तोंडावर ती पुन्हा सगळं विसरली. ट्रंक कॉलवर कंपनीनं सांगितलं की इंजिनिअर मोकळा नाही, आणि तसंही हे मॉडेल आता बंद झालंय, नवीन घ्या. सुताचे गठ्ठे दारात पडून होते. सेठजी म्हणाले, रंगखात्याला सुट्टी देऊन टाका. सुट्टी म्हणजे तिथल्या माणसांची दिवाळी गेली, हे बोलायची गरज नव्हती; सगळे भिंतीला टेकून उभे होते आणि ऐकत होते. तेव्हा तुम्ही पुढं झालात. "पेटी मी घ्यायला लावली, सेठजी. आत काय आहे ते न इचारता घेतली, माही चूक झाली. सुट्टी नका देऊ. हातानं चालवतो." मोठ्या माणसानं इतक्या साध्या आवाजात, सगळ्यांदेखत, चूक आपल्या नावावर घेतलेली मी तोवर पाहिली नव्हती. आमच्या घरात चूक नेहमी दुसऱ्याची असायची.

मग तुम्ही सील तोडलंत. आत पाहतो तर चिपांवरची अक्षरंसुद्धा घासून काढलेली. मी विचारलं, "हे कायले घासलं असन?" तुम्ही म्हणालात, "आपण वाचू नये म्हणून, बाई," आणि शांतपणे दार लावून टाकलंत. पेटी वाचता येत नव्हती, पण टाकी काय करते ते तर डोळ्यांना दिसत होतं. रंगारी पुन्हा व्हॉल्व्हपाशी उभे राहिले. तुम्ही घड्याळ हातात घेऊन टाकीला खेटून उभे आहात, मी लिहून घेतेय, पाणी कुठवर आलं की वाफ, किती तापलं की पंप. वाफेनं कागद ओला होतोय आणि तुम्ही पंपाच्या आवाजावर ओरडताय, "लिहून राहिली ना? का नुसती पाहून राहिली?" माल निघाला. रंग थोडा कमीजास्त झाला, पण निघाला, आणि दिवाळी झाली.

पेटीच्या जागी आपलंच पॅनल बांधायचं तुम्ही ठरवलंत, आणि त्या हिवाळ्यातले रविवार मी तुमच्या स्वयंपाकघरात काढले. ड्रॉइंगचा मोठा कागद पसरायला तेवढीच फरशी मोकळी होती. तुम्ही आणि मी गुडघ्यांवर, शिसपेन्सिल घेऊन, आणि काकू कागदावरून पाय उचलून चुलीकडे जातायत. "तुमच्या त्या टायमरवर भाकर ठेवून राहिली बरं मी," त्या म्हणायच्या, "आता सरका, नाहीतर तुमची टाकी तेल पेईन." रिलेचे ते खटके आणि टायमर तुम्ही मुद्दाम असे निवडलेत की नागपूरच्या कुठल्याही दुकानात मिळावेत, एका कंपनीचे नाही मिळाले तर दुसऱ्याचे बसावेत. पॅनल पेटीच्या चौपट मोठं झालं आणि सुरू झालं की खटखट वाजायचं. ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा रंगाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुम्ही चष्मा पुसत बसलात.

पण तुमचा खरा राग मी पाहिला तो पुढच्या पोळ्यानंतर. पॅनलमध्ये पुढं बरेच बदल झाले होते आणि ते सगळे माझ्या डोक्यात होते. काही अडलं की लोक "मॅडमले बोलवा" म्हणायचे आणि मला ते आवडायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा; त्या दिवशी पांढुर्ण्याहून बस सुटली नाही. मी घरीच राहिले आणि तिकडे पॅनल अडून बसलं. दिवसभर कोणालाच काही उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पॅनलसमोर उभं केलंत. "कंपनीनं कुलूप लावलं तं आपल्याले राग आला. तू लावलं तं कोनाले सांगू?" मी म्हटलं, मी कुठं कुलूप लावलं, मला कोणी विचारलंच नाही. "हेच तो मुंबईवाला बी म्हणते," तुम्ही म्हणालात. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. संध्याकाळी तुम्हीच दोन रंगारी माझ्यासमोर आणून बसवलेत. "शिकव यायले. तुले सुट्टी घेता आली पाह्यजे ना, पोरी." रागावण्यामागं माझीही काळजी होती, हे तेव्हा कुठं कळलं.

दुसऱ्या टाकीला पेटी घ्यायची ठरली तेव्हा दुसऱ्या कंपनीचा माणूस आला, गोड बोलणारा. आमचं सगळं खुलं आहे म्हणाला. तुम्ही म्हणालात, "मंग हिच्या हातानं एक टायमर बदलू द्या, आत्ता. तुम्ही जरा बाहेर च्या घ्या." मी पेटीचं दार उघडलं. प्रोग्राम वाचता आला, त्यातला टायमर बदलला, सगळा प्रोग्राम कागदावर छापूनही निघाला. मात्र तो बदलायचं यंत्र वेगळं विकत घ्यावं लागणार होतं आणि आतली सर्किटची कार्डं फक्त त्यांचीच बसणार होती. तुम्ही सेठजींना दोन्ही गोष्टी जशाच्या तशा सांगितल्यात. "अर्धं उघडं आहे, अर्धं बंद. मागच्या टायमाले मले हे बी मालूम नव्हतं. आता मालूम आहे, तं घेऊ." आणि घेतलंत.

तेव्हापासून मी कितीतरी कारखाने पाहिले, साहेब. पूर्ण उघडं मला अजून कुठंच भेटलं नाही. तारा सगळ्यांच्या जुळतात आता, यंत्रांची भाषा एक झाली म्हणतात. पण कुठं लायसन्स, कुठं पासवर्ड, कुठं फक्त त्यांचंच कार्ड. मी चिडत नाही. कुठलं दार बंद आहे ते सही करण्याआधी विचारते आणि आमच्या माणसांना सांगून ठेवते. परवाच्या मुलांनाही मी परत पाठवलं नाही. आमची दोन माणसं त्यावर शिकतील आणि आमचा प्रोग्राम आमच्याकडे राहील, हे करारात घालून घेतलं. त्यांनी ते मान्य केलं, थोडं नाइलाजानं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. त्या वर्षांत सकाळी घरून निघताना आई देवापुढं हात जोडायला लावायची. मी हात जोडायची आणि मागायची, आज कारखान्यात काहीतरी बंद पडू दे. बंद पडलं की तुम्ही मला हाक मारायचात.