मुंगी मिळेना

८ मार्च १९५४, सोम., अंबरनाथ
हिवतापाचे फवारणीवाले येऊन गेले. भिंती, माळा, खाटेखाली, सगळीकडे डीडीटी. बाळाला घेऊन ओट्यावर बसले होते, तरी पदर पांढरा. बाळाने नेमका तोच चोखला. फवारणीवाला म्हणे, "माणसाला काय होत नाय बाई, आम्ही ह्याच हातानं भाकर खातो." ढेकूण मात्र पटापट पडले. आज झोप!

९ मार्च
कसली झोप. बाळ दोनदा ओकलं. सासूबाईंनी (पुढे सा.बा., हात दुखतो) जाहीर केलं की दूध नासलंय. माझं! मी म्हटलं, पावडर माझ्या पोटात गेली असेल, दुधातून बाळाला...
"पोटातली पावडर दुधात कशी जाईल? नळी हाय का?"
संध्याकाळी बाळाला दवाखान्यात नेलं तेव्हा तेच विचारलं. डॉक्टरही हसले.
उद्या परीक्षा. सा.बां.च्या जांभूळ गावची रीत: वाटीत आईचं दूध, त्यात मुंगी. "पोवून भायेर आली तं दूध चांगलं. मेली तं बंद, मंग शेळीचं पाजायचं." चार महिन्यांचं पोर माझ्यापासून तोडणार, तेही मुंगीच्या भरवशावर.

१० मार्च
घरात मुंगीच नाही! डीडीटीने सगळ्या गेल्या. इतके दिवस साखरेच्या डब्याखाली पाणी ठेवून त्यांना शिव्या घातल्या, आज सा.बा. कोपऱ्याकोपऱ्यात साखर टाकून वाट बघतायत. शेजारीही फवारलेलं. परीक्षा तहकूब. बाळ पितंय.

११ मार्च
हे कामावरून परस्पर उल्हासनगरच्या कँपात गेले आणि सिंधी मिठाईवाल्याकडे मुंगी मागितली. तो भडकला. "साईं, मेरी दुकान में चींटी? बदनाम करने आए हो?" पाव शेर मिठाई घेतल्यावर नरमला, परातीखालून स्वतः धरून दिली. हे आगपेट्यांच्या कारखान्यात, खिशात रिकामी पेटी होतीच. तिच्यातून आणली, कोनाड्यात ठेवली.
सा.बां.नी वाटी मांडली, देवाला हात जोडले, पेटी उघडली. मुंगी मेलेली.
सा.बा.: "दूध बघूनच मेली!"
हे: "गंधकाच्या वासाने गेली असेल."
मी: "कोनाडाही फवारलेलाय."
आधी मी हसले, मग सा.बां.नासुद्धा हसू आवरेना. निकाल नाही. मिठाई चांगली होती.

१२ मार्च
बाळ आता ओकत नाही. सा.बां.नी शेळीचा विषय सोडला. माझ्याच डोक्यातून जाईना. दुपारी सगळे निजल्यावर वाटीत थोडं दूध काढून मागच्या चिंचेखाली गेले. तिथे फवारा पोचलेला नाही, मुंग्यांची रांग लागलेली. दगडावर थेंब टाकला. एक आली, थांबली, प्यायला लागली. मला भीती वाटली. कालचं हसू कुठल्या कुठे गेलं.
तेवढ्यात घरातून बाळाचं रडणं. पळत गेले, पदराखाली घेतलं. पदर मुठीत घट्ट धरून पीत होतं.
मुंगीचं काय झालं ते बघायचं राहिलं. उद्या जाईन. की नकोच...