गळतीचा नकाशा

ता. ४ जानेवारी

चि. बेबीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र हातानं लिहिलं म्हणून नवल करू नकोस. शाखेच्या मेलचा पासवर्ड तिघांना माहीत आहे, आणि तुझ्या बोगद्याच्या साइटवर फोन लावला की अर्धं बोलणं डोंगर खातो. जे सांगायचं आहे ते तिसऱ्या कानावर जायला नको.

आपल्या भूमापक संघटनेच्या शाखेला गळती लागली आहे. पावसाळ्यानंतर एकामागून एक राजीनामे येताहेत. सगळ्यांचं कारण एकच, "वैयक्तिक". इतक्या माणसांना एकाच हिवाळ्यात वैयक्तिक कारण कसं होतं, सांग मला. साथ असती तर डॉक्टरांनी कळवलं असतं. मजकूरही सारखा, स्वल्पविरामासकट. कुणीतरी एकानं लिहून बाकीच्यांना वाटला आहे.

मार्चअखेर सभासद पंचवीसच्या खाली गेले, तर मध्यवर्ती कार्यालय शाखा बंद करून आपल्याला नदीपलीकडच्या मोठ्या शाखेत ढकलणार. तिथे आपलं कोण ऐकणार आहे? गेल्या वर्षी त्या बांधकामवाल्याच्या माणसांनी आपल्या नवख्या मोजणीवालीच्या यंत्राची तिपाई मोडली आणि हद्द सरकवून दाखव म्हणून दम दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपली सगळी शाखा तिच्या मागे उभी होती, तूही होतीस. मोठ्या शाखेनं तिला पोच पाठवली असती आणि विषय पुढच्या बैठकीत घेतला असता.

शाखा सोडायला सभासद-कार्यवाहाची, म्हणजे माझी, ना-हरकत सही लागते. चौकशी होईपर्यंत सगळे अर्ज खणात आहेत. अध्यक्ष म्हणाले, सह्याच करू नका, म्हणजे माणसं कागदोपत्री इथलीच राहतील. मी म्हटलं, बांधून ठेवलेली माणसं मोजायची तर सभागृहातल्या खुर्च्याही मोजू या. त्यांचाही मला थोडा संशय आहेच.

तुझ्या कानावर काही आलं तर कळव. मेहुण्यांचा खोकला कसा आहे? काढा घेत नसतील, मला माहीत आहे.

तुझी
ताई

ता. १५ जानेवारी

ती. ताईस बेबीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाकिटाला इतका डिंक होता की उघडताना कोपरा फाटला. तुझ्या मेहुण्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ताईंनी पोलिसात जायला हवं होतं, भूमापनात उगाच आल्या. काढ्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

ताई, सगळ्यातच काळंबेरं असतं असं नाही. माणसं कंटाळतात. इथे सकाळी उजाडायच्या आत बोगद्याच्या तोंडाशी यंत्र लावावं लागतं, संध्याकाळी अंग आंबून जातं. तिथून गाडी काढून शाखेच्या बैठकीला कोण येणार? आणि नाही आलं की तुझ्या मासिक परिपत्रकात "गैरहजर" म्हणून ठळक अक्षरात नाव. आमच्याकडच्या एकीची आई आजारी होती. तिचं नाव छापून आलं तेव्हा साइटवर कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. ती हसली, पण नंतर जेवली नाही. ते छापणं जरा थांबवता येईल का?

खणातल्या अर्जांचं तू काय करणार आहेस? चौकशी लांबली तर सह्याही लांबतील का? सहज विचारते.

गुडघ्याला जप. माझ्यावर रागावली असलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी
बेबी

ता. २ फेब्रुवारी

चि. बेबीस आशीर्वाद. वि. वि.

हजेरी म्हणजे हजेरी. आई आजारी असेल तर दोन ओळी कळवायच्या, मी "रजेवर" छापते. त्या मुलीनं कळवलं नाही. तो विषय संपला.

आता कामाचं. आपल्या धंद्याला शोभेल तेच मी केलं. शहराचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि सोडून गेलेल्या प्रत्येकाच्या कार्यालयावर टाचणी लावली. टाचण्या विखुरल्या असत्या तर मी गप्प बसले असते. पण त्यांचं छान वर्तुळ झालं. मध्यबिंदू काढला, पुन्हा काढला. दोन्ही वेळा तो एकाच जागी पडला, टोपीच्या दुकानावर.

टोपी म्हणजे आपला यंत्रदुरुस्तीवाला. उन्हाळ्यातही लोकरी टोपी घालतो तो. सभासद आहे, पण बैठकीत तोंड उघडत नाही. हल्ली उपग्रहावर चालणारी नवी यंत्रंही विकतो. असे विक्रेते गिऱ्हाईकांचा मेळावा भरवतात, प्रशिक्षण फुकट देतात, आणि मग संघटना कुणाला हवी? मागच्या आठवड्यात मी मुद्दाम गेले. आत चार माणसं बोलत होती, मला पाहिल्यावर चौघांनाही एकदम घड्याळं आठवली. टोपीनं खुर्ची पुसून दिली. अपराधी माणूस फार अदबीनं वागतो.

या महिन्याच्या परिपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलं की जो हात आपल्या तिपाया जोडतो, तोच शाखेचे पाय मोडतो आहे. नाव घातलं नाही. घालायची गरज नव्हती.

या गळतीबद्दल तू काही बोलत नाहीस, याचं आश्चर्य वाटतं. एरवी एका पानात मावत नाहीस.

तुझी
ताई

ता. ९ फेब्रुवारी

आदरणीय बाईंना,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

परिपत्रक वाचलं. माझ्या बायकोनं आधी वाचलं आणि विचारलं की पाय मोडणारा हा कोण. मी म्हटलं, मीच. तिला वाटलं थट्टा आहे.

आपण नकाशावर कार्यालयं लावलीत आणि माझं दुकान मध्ये आलं, असं अध्यक्षांकडून कळलं. ते येणारच होतं, बाई. यंत्र बिघडलं की भूमापकाचा दिवस वाया जातो, म्हणून जो तो माझ्या दुकानाजवळ भाड्यानं खोली बघतो. जे सोडून गेले नाहीत त्यांच्या टाचण्याही लावून पाहा, मी तिथेही मधोमध सापडेन. आपलं कार्यालय होतं तेव्हा तेही माझ्याच गल्लीत होतं.

आणि कार्यालयात बसतं कोण? तिथे पाटी असते आणि कुलूप असतं. एका टोकाकडून केलेली मोजणी आपण कधीच मान्य करत नव्हता. दुसऱ्या टोकाकडूनही करा. माणूस रोज सकाळी कुठे यंत्र लावतो ते विचारा.

मला जे ठाऊक आहे ते मी सांगणार नाही. ते सांगणं माझं काम नाही, ज्यांचं आहे त्यांनी सांगावं. सोबत माझाही अर्ज आहे. माझं कारण मात्र "वैयक्तिक" नाही, ते आपण छापलेलंच आहे.

आपला स्नेह होता, तो आठवणीत ठेवतो.

आपला
यंत्रदुरुस्तीवाला

ता. २० फेब्रुवारी

बेबी,

मायना घातला नाही, हे मुद्दाम.

राहिलेल्यांच्याही टाचण्या लावून पाहिल्या. तो म्हणाला तसंच झालं. मग सोडून गेलेल्या प्रत्येकाला फोन केला आणि एवढंच विचारलं की सध्या यंत्र कुठे लावता. कुणी "बोगदा" म्हणालं, कुणी खाकरलं, एकानं रेंज नसल्याचं सोंग केलं, तेही घरच्या लँडलाइनवरून. शेवटी जिची तिपाई मोडली होती त्या मुलीला विचारलं. ती साधेपणानं म्हणाली की साइटवरच्या शेडमध्ये सगळे जमतात, नव्या शाखेचा अर्ज तयार आहे आणि कार्यवाह म्हणून बेबीताईंचं नाव आहे. तुम्हाला माहीत नाही हे मला माहीत नव्हतं, असंही म्हणाली. बिचारी घाबरली.

मी तुला सांगितलं होतं की मजकूर एकानंच लिहून वाटला आहे. स्वल्पविराम तुझेच होते. लहानपणापासून तुझं लिखाण मी तपासत आले, आणि ते मला ओळखू आले नाहीत, कारण तिकडे मी पाहिलंच नाही. साऱ्या गावावर संशय घेतला, घरात घेतला नाही.

खणातल्या अर्जांचं काय करणार, हे तू सहज विचारलं होतंस. आता मला सांग, ते सहज होतं का?

ताई

ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

नव्हतं सहज.

पहिल्यांदा आम्ही नुसते चहाला जमायचो. बोगद्याच्या आत मोजणी कशी चुकते, धुळीत यंत्र कसं सांभाळायचं, ठेकेदार घाई करतो तेव्हा सही कशी नाकारायची, असल्या गोष्टी निघायच्या. कुणी हजेरी घेत नव्हतं. मग कुणी म्हणालं, ही आपली शाखाच झाली की. नव्या शाखेत जायला प्रत्येकाला जुन्या शाखेचा ना-हरकत दाखला लागतो, म्हणून कुणीतरी ताईंशी बोलायला हवं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले, आणि घरी येऊन तीन पत्रं लिहून फाडली.

तुला भीत होते, हे या वयात लिहायला लाज वाटते. तू कधी हात उगारला नाहीस. पण तुझ्यासमोर उभं राहिलं की माझं बोलणं आधीच चुकलेलं असतं. साइटवर माझ्या हाताखाली एवढी माणसं आहेत, बोगदा दोन्ही बाजूंनी येऊन मधे जुळतो तो माझ्या आकड्यांवर, आणि तुझ्या परिपत्रकात मी "गैरहजर" असते.

टोपीवाल्यांना सगळं माहीत होतं. तुला सांगू नका अशी मीच विनंती केली होती. त्यांच्यावर छापून आलं त्या दिवशी मी तुला फोन करायला हवा होता. केला नाही. ते तुझ्यापेक्षा माझ्या अंगावर जास्त आहे.

तू मार्चअखेरपर्यंत सह्या केल्या नाहीस तर पुढचं वर्षभर आम्हाला कुठेच जाता येणार नाही. केल्यास तर तुझी शाखा बुडते. मी तुला काही सांगू शकत नाही. तुझे मेहुणे म्हणतात, ताई सही करणार नाहीत.

मला तुझी जवळची म्हणून राहू दे, एवढंच मागणं.

तुझी
बेबी

ता. १४ मार्च

चि. बेबीस आशीर्वाद. वि. वि.

टोपीच्या दुकानात जाऊन आले. खुलासा परिपत्रकात छापते आहे, पहिल्याच पानावर आणि त्याच टायपात, हे त्याला सांगितलं. तो एका यंत्राच्या पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणत होता, मान वर केली नाही. मला बराच वेळ तिष्ठत ठेवलं, ते योग्यच होतं. मग म्हणाला की छापा, पण शोभेचं वाक्य घालू नका. मी नुसतं लिहिलं आहे की मी चुकले. अर्ज मागे घेतोस का, असं विचारलं नाही. निघताना त्यानंच तो परत मागितला. म्हणाला, वर्षभर बघतो.

गैरहजरांची यादी बंद केली. तू सांगितलंस म्हणून नव्हे. जिचं नाव छापलं होतं त्या मुलीच्या आजारी आईची चौकशी करायला फोन केला, तर तिला वाटलं मी हजेरीसाठीच केला आहे. सभासदांशी संपर्क ठेवणं हे माझं काम, आणि माझा आवाज ऐकून माणसं सबबी शोधतात. मग मी इतकी वर्षं कसला संपर्क ठेवला?

बोगद्यावरच्या सगळ्यांच्या दाखल्यांवर सह्या केल्या आहेत. सोबत पाठवते. एकेक तपासून घे, तुझ्या एका माणसानं स्वतःच्या सहीच्या जागी तारीख घातली होती, ती दुरुस्त करून घेतली आहे. अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. त्यांना सांगितलं, हिशोब मी केला आहे. नव्या शाखेला जितके लागतात तितके तुझ्याशिवायही भरतात.

पाकिटात तुझा दाखला सापडणार नाही. तो माझ्याकडे आहे, कोरा. बाकीच्यांनी मला न सांगता जायचं ठरवलं ते मी समजू शकते, मी त्यांची कोणी नाही. तुझं तसं नाही. तुझी सही टपालानं व्हायची नाही. इथे ये, समोर बस, आणि शेडमध्ये माझ्याबद्दल जे बोललीस ते माझ्या तोंडावर बोल. मधे तोडणार नाही, चुका काढणार नाही. सगळं बोलून झालं आणि तरी तुला जायचं असलं, तर तिथल्या तिथे सही करेन.

तोवर इथे बरोबर पंचवीस भरतात, आणि त्यातली एक तू आहेस. फोन करू नकोस, पत्रही नको. ये.

ताई