डाव्या हाताचं नख

३ जून
मधल्या बोटाचं नख पुन्हा चिरलं. तार चिरेत अडकते, सुरावरून सुरावर सरकणारी मींड अर्ध्यावर तुटते. सरोदला पडदे नाहीत. तार डाव्या हाताच्या नखानेच दाबायची. नख गेलं की हात गेला. कार्यक्रम बावीसला, इथेच बंगळुरात, जे. पी. नगरात. इरा झाल्यापासूनचा पहिला. ती आता दुसरीत आहे.

५ जून
नवऱ्याला, श्रीरंगला, ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, नेल सलूनमध्ये नखावर ॲक्रिलिकचा थर देतात, दगडासारखा. गेले. तिथल्या मुलीने विचारलं, सिर्फ दो उंगली, मॅडम? हसली. मीही हसले.
तिने नखामागची कातडी लोखंडी पट्टीने रेटली. मधल्या बोटातून रक्त आलं. आधीच्या बाईच्या टॉवेलला पुसलं, तीच पट्टी पुढच्या बोटाला. पाहिलं. बोलले नाही. रागावून काम बिघडवेल म्हणून.

६ जून
मींड अख्खी येते. कुठेही न खरवडता. रेकॉर्ड करून दादांना पुण्याला पाठवलं. गुरू म्हणून त्यांनी इतक्या वर्षांत कधी न म्हटलेलं वाक्य: "आज तुझा हात ऐकू आला." स्वयंपाकघरात जाऊन रडले, कुकरच्या आवाजात.

१० जून
ठणका. नखाच्या मुळाशी लाल, तुकतुकीत. खालच्या सुमित्राक्का, आमच्या घरमालकीण, कित्येक पिढ्यांपासून इथल्याच मराठी, बोलण्यात कन्नड मिसळलेलं. म्हणाल्या, "स्वल्प हळद-तूप बांध गं. उद्या सरी होतं." सरी म्हणजे ठीक. बांधलं. सोडून रियाज केला. परत बांधलं.

१२ जून
थराच्या कडेखालून हिरवं. शेवाळासारखं. वास.
सलूनला गेले. मुलगी नव्हती, मालक होता. निळ्या दिव्याची पेटी दाखवली. सब स्टरलाइज्ड है, मॅडम. पेटीत हत्यारं एकावर एक टाकलेली, टोकांना कुणाच्या तरी कातडीचे कण. फुकट नवा थर लावून देतो म्हणाला. खुर्चीत एक बाई बोटं पसरून बसली होती. तिच्यासमोर माझं बोट धरलं, म्हटलं, यहीं हुआ है. तिने पाहिलं. मग मोबाइल पाहू लागली.

१३ जून
डॉक्टरांनी थर काढला. खाली पू. नख उद्याच काढू, म्हणाल्या.
बावीसनंतर चालेल का, मी.
त्यांनी पेनाने लालीची कड आखली. ही सांध्याकडे निघाली आहे, हाडात गेली तर नखाबद्दल आपण बोलतच नसू. तरी गोळ्या मागितल्या आणि दोन दिवस. भिकाऱ्यासारखं.

१४ जून
दार लावून वाजवलं. नख सैल. सूर लागतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तार ओली, पिवळी. पुसली, पुन्हा.
श्रीरंग दारात. "वेडी झालीस का?"
"थोडेच दिवस. मग काढू."
"मग काय वाजवशील?"
तार पुसत राहिले. वाद्य हिसकावून नेलं असतं त्याने तर. पण तो दारातच उभा राहिला.

१५ जून
ताप. काखेत गाठ. श्रीरंग ऑफिसात, अक्काच रिक्षा घेऊन आल्या. रिक्षावाल्याशी कन्नडात भांडत होत्या, माझा दुसरा हात धरून.
भूल. नख काढलं. संसर्ग मुळापर्यंत होता. नवं येईल का? बहुधा. सरळ येईल का? डॉक्टर हातमोजे काढत राहिल्या.
ट्रेमध्ये पडलं होतं. तारेने पाडलेली खाच तशीच.

१७ जून
कार्यक्रम रद्द. आयोजक म्हणाले, नखासाठी? खरंच?
मग दादांना फोन. सलून, रक्त, सगळं सांगितलं. बोटाच्या मांसाने तार दाबणाऱ्या एका मुलाला दादांनी माझ्यादेखत कायमचं घरी पाठवलं होतं. आज मला म्हणाले,
"मांसाने दाब. बंद नको करूस."
रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणजे अजून काही उरलंय असं वाटलं असतं.

१८ जून
मांसाने दाबून पाहिलं, दुसऱ्या बोटाने. ठप्प. भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा सूर. झाकून ठेवलं.

२२ जून
इराला क्लासला सोडताना कार्यक्रमाचं सभागृह टाळून लांबच्या रस्त्याने गेलो. तिने कारण विचारलं. ट्रॅफिक, म्हटलं.

९ ऑगस्ट
पट्टी कायमची सुटली. मुळाशी काहीतरी कडक आलंय, पांढरट, एका बाजूने उचललेलं. डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. नख की व्रण, आत्ताच सांगता येणार नाही. आणखी थांबा.
श्रीरंग म्हणतो, झोपेत माझं ते बोट चालतं. चादरीवर, वरखाली.
कुठला राग, विचारलं.
त्याला ओळखता येत नाही.