सरबताचे दोन पेले

मंगळवार, ६ मे

गोळी वाढवली! जुन्या डबीवर ०.२५ होतं, नव्या डबीवर ०.१२५. कुठे पंचवीस आणि कुठे एकशे पंचवीस! तो तरुण डॉक्टर हसत हसत भराभरा काहीतरी सांगत होता, मी आपली मान डोलावत राहिले. म्हातारीला घाबरवायचं नाही म्हणून हसत असेल. हृदय थकलंय माझं, दुसरं काय. गोळी दिसायला मात्र एवढीशीच. जास्त कडक असणार.

हॉकानला सांगायचं नाही. मुलगा चांगला आहे, पण लगेच वृद्धाश्रमाचं तुणतुणं सुरू करेल.

बुधवार, ७ मे

शेजारच्या एस्किलला विचारलं, माझ्या शेळ्या घेशील का. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं, गुनबोर्ग? जूनमध्ये शेळ्या घेऊन तूच कुरणावर गेली नाहीस तर जाणार कोण?" मी सगळं गुडघ्यांवर ढकललं. सोमवारी न्यायला येतो म्हणाला.

संध्याकाळी धार काढताना शेळ्यांकडे बघवेना.

शुक्रवार, ९ मे

टोरा आली! हॉकानची मुलगी, चौथीत आहे. गणित असलं की सकाळपासून पोट दुखतं पोरीचं. बाईंनी टिंबाचे आकडे दिलेत — घरातल्या वस्तूंनी मोजायचे, चित्रं काढायची. मी म्हटलं, बाई गं, माझी शाळा शेळ्या व्यायल्या की बुडायची. "मग आपण दोघी ढ," म्हणाली. वेलदोड्याचे पाव केले. तिनं चार खाल्ले. पोट काही दुखलं नाही.

शनिवार, १० मे



सकाळी लिटरचं भांडं काढलं आणि माझं सरबताचं मापटं. दहा मापटी ओतली की भांडं भरतं, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक. पण टोरा म्हणाली, टिंबानंतरचं पहिलं घर म्हणजे हेच मापटं! बाईंनी सांगितलंय. इतकी वर्षं सरबत करतेय, कुणी बोललं नाही.

मग मीच हळूच तिला डबीवरचे दोन आकडे लिहून दिले. कुठला मोठा? "एकशे पंचवीस, त्यात काय!" म्हटलं, मापून बघ. मग तिनं सरबत मापून एका मोठ्या आणि एका छोट्या पेल्यात ओतलं. ०.२५ — दोन मापटी आणि अर्धं. ०.१२५ — एक मापटं आणि वर पाव. चौकटीच्या कागदावर शंभर घरं आखली, एकीकडे पंचवीस रंगवली, दुसरीकडे बारा आणि एक अर्धं. जीभ बाहेर काढून रंगवत होती, अगदी हॉकानसारखी.

"आजी, हा तर निम्माच आहे!"

मी खाली बसले. तिला वाटलं, चक्कर आली. म्हटलं, काही नाही गं, दे तो छोटा पेला इकडे. बेरीचं सरबत इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

पण दवाखान्यातल्या नर्सला विचारल्याशिवाय नाचायचं नाही. तिचा फोन सोमवारीच लागतो.

रविवार, ११ मे

हॉकान न्यायला आला. टोरा चित्र छातीशी धरूनच गाडीत बसली. "उद्या गणित आहे," म्हणाली — पोटाचं नावही नाही.

सोमवार, १२ मे

नर्स म्हणाली, "हो तर, निम्मी केलीय. ठोके आता शांत आहेत तुमचे."

एस्किल गाडी घेऊन आला होता. कॉफी पाजली आणि रिकामाच परत पाठवला.