सुस्कारा टाकणारं अकॉर्डियन

ती. ताईंस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. आठांपैकी दोन अंगं म्हणजे माझे गुडघे, आणि त्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय.)

वि. वि. पत्रास कारण की, कारण काही नाही. हे आधीच सांगून टाकतो. माझं पत्र दिसलं की तुम्ही पाकीट उघडण्याआधीच म्हणणार, आता याला काय हवंय. मला काहीही नको. तुमच्या खुब्याचं दुखणं कसं आहे? अजून ते तीन मजले चढता-उतरता, की दूधवाला वर येतो? तुमच्या मागच्या पत्रात (दीड वर्षापूर्वीचं, ज्यात तुम्ही मला दगड म्हणालात ते) तब्येतीचा उल्लेख नव्हता, बाकी सगळ्याचा होता. माझी तब्येत बरी आहे. त्या पत्रानंतर रक्तदाब चढला होता, तो गोळीनं उतरला. तुमच्या बहिणीचं अकॉर्डियन येत्या अठरा तारखेला दुरुस्तीला जातंय, त्याचा अख्खा भाता बदलणार आहेत, एवढं आपलं कानावर घालावं म्हणून कागद ओढला. तसं त्यात विशेष काही नाही.

ती गेल्यानंतर महिनाभरात तुम्ही लिहिलंत की अकॉर्डियन माझ्याकडे पाठवा, तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. खरं होतं. पण खरं बोलायलाही वेळकाळ असतो, ताई. मी पत्र घडी करून ठेवलं, पेटी उचलली आणि त्याच आठवड्यात आमच्या इथल्या वाद्य-वाचनालयाला देऊन आलो. वाद्य-वाचनालय म्हणजे पुस्तकांऐवजी वाद्यं घरी न्यायची सोय. तीन आठवडे वाजवा, शेजाऱ्यांना छळा, परत आणून द्या. दात्याच्या रकान्यात मी माझं एकट्याचं नाव लिहिलं. तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणाऱ्याला टाळ्या मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. घरी आलो तर कोपऱ्यातल्या फरशीवर पेटीच्या चार पायांचे चार डाग तेवढे राहिलेले. दुसऱ्याच दिवशी मी तिथे स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं. समाजसेवेची ओढ, असं कारण दिलं.

जागा म्हणजे पूर्वीचं बुटांचं दुकान. फळ्या बुटांच्या खोक्यांच्या मापाच्या, त्यामुळे व्हायोलिनं आडवी मावतात आणि माणसाएवढा चेलो दाराशी गिऱ्हाइकासारखा उभा असतो. आरसे सगळे गुडघ्यापर्यंतचे. लोक गिटार गळ्यात अडकवून आरशात बघायला जातात आणि स्वतःच्या पोटऱ्या बघून परत येतात. पगारी माणूस एकच, व्यवस्थापक बाई. बाकी आम्ही सहा स्वयंसेवक, त्यातले पाच संगीतातले जाणकार, म्हणजे कामाला निरुपयोगी. कोणी वाद्य परत आणलं की हे पाचजण ते वाजवून बघत आणि मग आपसांत भांडत बसत, की स्वर उतरलाय की ऐकणाऱ्याचा कान. परत आणणारा बिचारा बाहेर बाकड्यावर ताटकळत. मला सूर कळत नाही हे तुम्ही जाणताच (आमच्या लग्नात मी चुकीच्या जागी टाळी दिली होती, ते तुम्ही पस्तीस वर्षं विसरला नाहीत). पण मी बत्तीस वर्षं वजनमापं तपासनीस होतो. मी घरचा काटा नेऊन तिथे ठेवला आणि वाद्यं जाताना-येताना तोलायला सुरुवात केली.

हसा. तेही हसले. पहिल्याच आठवड्यात एक गिटार तीनशे दहा ग्रॅम जड होऊन परत आली. जाणकारांनी तारा छेडून ती उत्तम असल्याचं सांगितलं. मी ती उलटी करून हलवली, तर पोटातून टीव्हीचा रिमोट आणि एक पायमोजा निघाला. नेणारे गृहस्थ रिमोट बघून रडायचे बाकी होते. त्यावरून घरात म्हणे महिनाभर अबोला होता. एक क्लॅरिनेट पंचावन्न ग्रॅम हलकं आलं, त्याचं तोंडच घरी राहिलं होतं. एका गृहस्थांनी वरच्या मजल्यावर रोज फर्निचर ओढतात म्हणून सूड घ्यायला ड्रम नेले. आठवड्याभरात वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या आणि आमच्याकडचा सगळ्यात मोठा पितळी भोंगा, ट्रॉम्बोन, घेऊन गेल्या. आम्ही दोघांनाही हसतमुखानं मुदत वाढवून दिली. आता ते दोघं मिळून काहीतरी बसवतायत असं ऐकतो, आणि त्या इमारतीतले बाकीचे सगळे आमच्या नावानं बोटं मोडतात. लोककल्याण म्हणतात ते हेच.

काट्यामुळे माझं वजन वाढलं आणि नियम करायचं काम माझ्याकडे आलं. मी चौदा नियम केले. त्यातला नववा असा, की कोणताही स्वयंसेवक कोणतंही वाद्य घरी नेणार नाही. माझ्या आधीच्या एका स्वयंसेवकानं चांगलं व्हायोलिन आठ महिने घरी दाबून ठेवलं होतं, त्यावर हा इलाज. अकरावा असा, की स्वयंसेवकानं काम सोडलं तरी पुढचे सहा महिने त्याला सभासद होता येणार नाही, म्हणजे मागच्या दारानं कोणी घुसू नये. सभेत हे दोन नियम मी उभं राहून वाचले. कुणाला फट सापडली नाही. मला तर हल्ली रोज शोधूनही सापडत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर चौदा बोटं दाखवली.

आता अकॉर्डियनचं. नऊ किलो चारशे ग्रॅम, पट्ट्यांसकट. दीड वर्षात ते अकरा घरी जाऊन आलं आणि अकराही वेळा तेवढंच भरलं. वाजवणारे कसे होते मला कळत नाही आणि माझं त्यांच्या वाजवण्याशी देणंघेणंही नव्हतं. मी वाट बघायचो ती परत येण्याच्या दिवसाची. काट्यावर चढवताना पेटीचा भाता थोडा उघडा राहिलेला असतो, तो मिटवायला कडेचं ते हवेचं बटण दाबावं लागतं. दाबलं की स्वर निघत नाही, नुसता सुस्कारा निघतो.

ताई, तो सुस्कारा तुम्हाला माहीत नाही. तुम्ही तिचं वाजवणं ऐकलंत, बटण ऐकलं नाहीत. संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून तीच चार गाणी वाजवायची आणि मी समोर खुर्चीत बसून बोलत असायचो. ऑफिसातला साहेब कसा नालायक, शेजारी कसा चोर, तुम्ही कशा आगाऊ. चौतीस वर्षांत बायकोनं मला उलट उत्तर दिलं नाही, असं मी चारचौघांत अभिमानानं सांगत आलो. साफ खोटं. ती दर वेळी उत्तर द्यायची. गाणं मध्येच थांबवायची, भाता पुरता ओढायची, माझ्याकडे बघायची आणि ते बटण दाबायची. हूऽऽऽ असा लांबलचक सुस्कारा, आणि अगदी शेवटी एक उचकी. त्या उचकीला आम्ही दोघंही हसायचो, आणि माझं भाषण तिथेच संपायचं. उचकीचं कारणही सांगतो. भात्याचा एक कोपरा फाटला होता, तिथे तिनं माझ्या जुन्या पाकिटाचं कातडं कापून चिकटवलं होतं. (पाकीट तितकं जुनं नव्हतं. त्यावर मी बोललो होतो. त्यावर तिनं बटण दाबलं होतं.)

मागच्या मंगळवारी दातांच्या डॉक्टरांनी अकॉर्डियन परत आणलं. भला माणूस. सोबत दोषाचा छापील फॉर्म व्यवस्थित भरलेला: 'हवेचं बटण दाबल्यास आवाज शेवटी अडखळतो, भात्याला हलक्या कातड्याचं ठिगळ आहे, भाता बदलावा.' पहिल्या दहाजणांना जे दिसलं नाही ते याला दिसलं. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून सवय. फॉर्म माझाच, मीच छापून घेतलेला. दोष नोंदला गेला की दुरुस्ती झालीच पाहिजे, हा नियम चौथा, तोही माझाच. अठराला दुरुस्तीवाला पेटी नेणार.

मी त्याच्या दुकानात जाऊन आलो. म्हटलं, भाता बदला हवं तर, पण ते ठिगळ आणि ती उचकी तेवढी तशीच ठेवा. तो चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "साहेब, बिघाड काढायला मला बोलावतात. ठेवायला आजवर कुणी बोलावलं नाही." आणि नव्या भात्यात जुना आवाज येत नसतो, हेही त्यानं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. तिथून व्यवस्थापक बाईंकडे गेलो. तीन आठवडे फक्त, म्हटलं, एकदाच. त्या वाईट नाहीत. त्यांनी नियमांचा कागद काढला, नवव्यावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, हा तुमचाच ना?" मी म्हटलं, माझाच, आणि चांगला नियम आहे. मग बाहेर येऊन बाकड्यावर बसलो.

परवा माझ्याकडे किल्ली होती, हेही लिहून टाकतो. दुपारी कोणी नव्हतं. मी पेटी उचलून दारापर्यंत नेली. मग सवयीनं आधी काट्यावर ठेवली. नऊ किलो चारशे. वहीत जाण्याची वेळ लिहायला पेन उघडलं आणि नेणाऱ्याच्या रकान्यापाशी थांबलो. बत्तीस वर्षं मी मापात पाप करणाऱ्यांना पकडलं. उचलली आणि परत फळीवर ठेवून दिली. तुमच्या शब्दांत दगड, पण दगडाचाही वजनात उपयोग होतो.

तर असं आहे. अठराला भाता नवा होईल, पेटी उत्तम वाजेल, सगळे खूष होतील. माझी काही तक्रार नाही. केवळ माहितीसाठी कळवलं.

कळावे. लोभ आपल्यात कधी नव्हता, तेव्हा असावा असं लिहीत नाही. खुब्याची काळजी घ्यावी.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. पत्र पुन्हा वाचताना एक नियम लक्षात आला, दुसरा. सभासद होण्यासाठी माणूस या गावचा रहिवासी हवा, किंवा रहिवाशाच्या घरी मुक्कामाला आलेला. नातं कोणतं हवं ते लिहिलेलं नाही. अशा सभासदाला सदोष वाद्यही नेता येतं, फक्त 'दोष माहीत आहे व मान्य आहे' या ओळीखाली सही करावी लागते. (ती ओळ वाद्याबद्दल आहे. माझ्यासाठी वेगळा कागद नाही.) पेटी सभासदाकडे असेपर्यंत दुरुस्ती थांबते, आणि मागे कुणी रांगेत नसेल तर मुदत कितीही वेळा वाढवून मिळते. रांगेत सध्या कोणी नाही, मी रोज बघतो. माझ्या घराला जिना नाही. मागची खोली झाडून घेतली आहे. अर्ज मी भरून ठेवलाय, सही तेवढी तुमची हवी. सोळाला सकाळची गाडी आहे.

आणखी एक ता. क. तुमच्या वडिलांनी ते अकॉर्डियन दोघी बहिणींत मिळून एक आणलं होतं, हे मला माहीत होतं. दात्याच्या रकान्यात एकट्याचं नाव लिहितानाही माहीत होतं. ते तुमच्याकडेच यायला हवं होतं. मी चुकलो. तुम्ही वाजवा, मी समोर खुर्चीत गप्प बसेन. गप्प बसवेना झालं, तर बटण कुठे आहे ते तुम्हाला आता कळलंच आहे.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी हे सगळं पत्र मी वाचनालयात फळीजवळ बसून मोठ्यानं वाचलं, पहिल्या 'मला काहीही नको'पासून. संपल्यावर पेटी पुढे ओढली आणि बटण दाबलं. तिचं मत पूर्वीचंच आहे. वरचं सगळं सोडून द्या, ताई, आणि या.