सरळ टांगलेलं घड्याळ

नोएडा,
१२ जानेवारी १९९४

चि. अलका,

अनेक आशीर्वाद. थंडी कडाक्याची आहे. तुझा खोकला कमी झाला असेल.

सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडलं. निवृत्त माणसाला सरकार फार दिवस ठेवून घेत नाही. इथला फ्लॅट उजेडाचा आहे, लिफ्ट मात्र निम्मा वेळ बंद.

वर्तमानपत्रातला तुझा फोटो पाहिला. 'वडिलांचा वारसा चालवणारी लेक.' नानांचं भिंग डोळ्याला लावायलाच हवं होतं का, ते तुझं तू ठरव. तोच फोटो बघून शेजारच्या मीनाक्षीबाईंनी विचारलं, "अच्छा, या घड्याळवाल्यांना एकच मुलगी?" मी चहा ओतत राहिले.

नानांनी दिल्लीतल्या जुन्या हवेल्यांमधली बंद पडलेली घड्याळं बोलती केली. मलाही ते शिकायचं होतं. बी.एस्सी. झाले तेव्हा म्हटलं होतं, दुकानात बसवा. तर म्हणाले, "विजू, तुला सरकार खुर्ची देईल. अलका दोनदा मॅट्रिकला नापास झाली, तिच्या हाताला काही नको का?" म्हणजे नापास होणारीला करोल बागचं दुकान, पहिली येणारीला फायली. हा न्याय मला अजून पटलेला नाही.

आता कामाचं. नानांनी मला दिलेलं लंबकाचं घड्याळ इथे लावलं. क्वार्टरमध्ये त्यांनीच टांगलं होतं; चालायचं, पण कायम तिरकं, माझ्या डोळ्यांत खुपायचं. इथे पाणसळ लावून अगदी सरळ टांगलं. चालत नाही. चावी देते, लंबक हलवते. जरा वेळ लंगडतं आणि थांबतं. सुताराकडून काढून पुन्हा लावून घेतलं, आणखी सरळ. तरी तेच.

मग आठवलं. घड्याळ टांगताना नाना डोळे मिटायचे, तुला शेजारी उभी करायचे. "अलके, ऐक. लंगडतंय का?" तू म्हणायचीस, "जरा डावीकडे, नाना." टिक आणि टक, दोन्ही ठोके सारख्या अंतराने पडले की त्यांचं समाधान. मग पेटी भिंतीवर वाकडी दिसली तरी चालायची. मी तिथेच पुस्तक घेऊन बसलेली असे. मला कुणी विचारलं नाही.

रविवारी नानांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी ते घड्याळ बंद असलेलं मला बघवणार नाही. ये. हवं तितकं तिरकं लाव. पण शेजारी मी उभी राहीन. काय ऐकायचं ते आधी सांग आणि मग मला विचार. तू बोलायचं नाहीस.

पाणसळ सुताराला देऊन टाकली आहे.

तुझी थोरली, अजून रुसलेली,
विजूताई