आतलं हँडल

प्रिय उमामा,

सलाम, आणि तुला व छोट्या इकराला खूप दुआ. अम्मीला सांग, गुडघ्याचं तेल कुणी गावी निघालं की पाठवतो.

तू गावी परतल्यापासून फोनवर नुसती हं हं करतेस आणि मी हवेबद्दल बोलतो. रियाधच्या हवेत बोलण्यासारखं काय असतं? काल ऊन होतं, आज ऊन आहे. म्हणून या वेळी लिहायला बसलो. लिहिताना मध्येच अवघड काही आलं तर तुझं गप्प होणं ऐकावं लागत नाही, एवढा फायदा. लहानपणी तू म्हणायचीस, भाईचं अक्षर म्हणजे कागदावरून कुर्ल्या चालून गेल्यासारखं. ते अजून तसंच आहे, चालवून घे.

तुझा मुझम्मिल ठीक आहे. म्हणजे कामाला जातो, परत येतो, मी डबा नेला तर जेवतो. शुक्रवारी नमाज झाली की आम्ही दोघं अयानकडे जातो. इथे कबरींवर नाव लिहीत नाहीत, सगळ्या सारख्याच दिसतात, पण बापाला बरोबर ओळखू येते. व्हॅनवाल्या हाशमचाचाला मनापासून माफ केलं असं मुझम्मिल म्हणतो. मला अजून जमलेलं नाही. माणूस वाईट नाही, आपल्याच तालुक्यातला, पोरांना चॉकलेटं वाटणारा. सगळी मुलं उतरली असं समजून त्यानं भर दुपारी व्हॅन बंद केली आणि आपल्या खोलीसमोर उभी करून तो जेवायला गेला. मागच्या सीटवर आपला अयान झोपलेला होता. दाराला चाइल्ड लॉक होतं. एवढं लिहायला मला इतके महिने लागले.

मी काय काम करतो ते तुला ठाऊकच आहे. अल सुलैच्या यार्डात शाळांसाठी व्हॅन तयार होतात, त्यांची दारं मी डिझाइन करतो. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच कुलूप आहे. गाडी धावत असताना मुलाला दार उघडता येऊ नये, आणि ड्रायव्हर गाडी सोडून गेला की मुलाला ते आतून उघडता यावं. बस, एवढंच. आमच्या मुदीरला, यार्डाच्या मोठ्या साहेबाला, विचारलं तर तो लगेच हो म्हणाला. त्यालाही लहान मुली आहेत.

पहिलं कुलूप मी इंजिनाला जोडलं. इंजिन बंद झालं की लॉक आपोआप सुटायचं. कॉम्प्युटरवर झकास दिसत होतं. एका व्हॅनला बसवून ट्रायल घेतली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण राहतो कुठे हेच मी विसरलो होतो. इथे उन्हाळ्यात गाडी बंद करतं कोण? एसी चालू, इंजिन चालू, आणि ड्रायव्हर बकाल्याच्या दुकानात पाणी आणायला नाहीतर समोरच्या मशिदीत. तू स्वतः मला गाडीत बसवून खुबूसच्या रोट्या आणायला जायचीस आणि वर दटावायचीस की इंजिन बंद करशील तर बघ. अशा चालू गाडीत एसीनं मान टाकली तर आत भट्टी, आणि लॉक मात्र लागलेलंच.

मग मी ते इंजिनावरून काढून चाकांना जोडलं. चाकं थांबून थोडा वेळ गेला की दार आतून उघडेल. हे जमलं. व्हॅनमधल्या मुलांना म्हटलं, ओढा हँडल, तर एकेकानं चार-चारदा उघडून पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. मी आनंदात होतो, तुला खोटं कशाला सांगू. तुला फोन लावायचा म्हणून हातात घेतला आणि ठेवून दिला, म्हटलं आणखी थोडं चालू दे.

बरं झालं नाही लावला. शाळेच्या फाटकाबाहेर सकाळी गाड्यांची जी रांग लागते ती तू पाहिली आहेस. त्या रांगेत व्हॅन अडकली, चाकं थांबली, लॉक सुटलं, आणि एका चिमुरडीनं दार सरकवून गाड्यांच्या मधोमध उडी मारली. तिला लागलं नाही काही. पण तिची आई मागच्याच गाडीत होती.

मग पालकांची मीटिंग. सगळी आपलीच माणसं. जनाज्याला आलेली, मुझम्मिलकडे किती दिवस जेवण पाठवलेली. मला वाटलं, यांना मी काय समजावायचं? पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्या मुलीची आई, आपली इस्मत, उभी राहिली. ओरडली वगैरे नाही. हात जोडून म्हणाली, "नबीलभाई, आमच्या मुलांना आतून उघडणारं दार नको. ड्रायव्हर विसरणार नाही याची काळजी आम्ही घेऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि लगेच व्हॅनचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. काळजी घेऊ म्हणे, जशी काय तू घेत नव्हतीस. मला फार राग आला, आणि त्या रागाचं काय करायचं तेही कळेना, कारण इस्मतच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. तिनं आपली मुलगी गाड्यांमध्ये उडी मारताना डोळ्यांनी पाहिली. बंद व्हॅनच्या आत काय होतं ते कुणी पाहिलेलं नाही. मी लॅपटॉप मिटला आणि त्यांची बिर्याणी न खाताच निघालो.

मुदीरनं समजुतीनं घेतलं, पण खलास म्हणाला. माझं कुलूप व्हॅनमधून काढलं. आता नवी ऑर्डर आहे. दार फक्त बाहेरून उघडायचं आणि आतलं हँडलच काढून टाकायचं, म्हणजे मुलांना ओढायचा मोह नको. मी नाही म्हटलं तर शेजारच्या टेबलावरचा इंद्रनील करेल, आणि माझ्यापेक्षा सुबक करेल. भांडून पाहिलं, उमामा. आता माझ्यात काही उरलेलं नाही.

उद्या ड्रॉइंगमधून ते हँडल मला पुसायचं आहे. त्याआधी एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, हे पत्र त्यासाठीच आहे. अम्मी म्हणाली, तू घरात एकच बोलत असतेस, की चाचा उघडेपर्यंत दाराला हात लावायचा नाही असं अयानला तूच शिकवलं होतंस. तो झोपेतच गेला असं इथून सगळ्यांनी सांगितलं, ते तुला पटत नाही. तुला वाटतं, त्याला जाग आली आणि तू रागावशील म्हणून तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पोलिसांनी सोडल्यावर ती व्हॅन आमच्याच यार्डात आली आणि तिचं दार मी माझ्या हातांनी खोललं. आतलं हँडल वाकून वाकून मुळाशी पांढरं पडलं होतं, अर्धं तुटून लोंबत होतं. सकाळी ते धड होतं, हे हाशमचाचानंच सांगितलं. एकदा-दोनदा ओढून प्लास्टिकचं असं होत नाही. हे वाचून तुला बरं वाटेल की तू आणखी मोडशील, ते मला ठरवता येत नव्हतं, आताही येत नाही. पण तू ज्याचा दोष स्वतःला देतेस ते घडलेलंच नाही. दारानं त्याला अडवलं, तू नाही. तो गप्प बसला नव्हता. त्यानं तुझं ऐकलं नाही गं.

तुझाच,
नबीलभाई